ओळंबा लॉज आणि उशिरा आलेला राग

हिन्रिक ल्युटकेन्सला सगळेच उशिरा येई. बोलणे उशिरा, हसू उशिरा, आणि राग तर फारच उशिरा. जन्माच्या वेळीसुद्धा सुईण वाट पाहून कंटाळली आणि एकदा घरी परत गेली होती, असे त्याची आई सांगे. शाळेत मास्तरांच्या प्रश्नाचे उत्तर त्याला येत असे. पण तो बाकावरून उठून उभा राहीपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असे. मेटाला त्याने लग्नाचे विचारले, तेव्हा ती हो म्हणाली आणि वर म्हणाली, "मी तीन वर्षांपासून हो म्हणायला बसलेय. तुझी वाट बघता बघता माझ्या धाकट्या बहिणीला दोन मुलं झाली."

ल्युनेबुर्गच्या मिठाच्या कारखान्यात मात्र हाच त्याचा गुण ठरला. तिथे जमिनीखालचे खारे पाणी उपसून मोठ्या पसरट कढईत तापवतात. जाळ मोठा केला तर मीठ भुकटीसारखे पडते. आच मंद ठेवली आणि धीर धरला तर टपोरे खडे धरतात. हिन्रिकच्या कढईतले मीठ सगळ्यांत टपोरे असे. लांब दांड्याच्या दाताळ्याने तो ते सावकाश काठाकडे ओढी, जणू कढईत कुणी झोपलेले आहे आणि त्याला उठवायचे नाही. पुढे तो त्या कढईचा मुकादम झाला.

शेकडो वर्षे पोटातले मीठ उपसल्यामुळे ते गाव खचत चालले होते. कारखान्याच्या आसपासच्या गल्ल्यांत एकही भिंत सरळ नव्हती. दारे लागत नसत, आणि लागली तर उघडत नसत. जेवणाच्या टेबलावर वाटाणा ठेवला तर तो आपला आपण नदीच्या दिशेने निघे. आणि अशा गावात फ्रीमेसन मंडळींनी आपल्या लॉजला, म्हणजे आपल्या मंडळाला, नाव दिले होते 'ओळंबा'. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला बांधून वजन सोडतो, तोच ओळंबा. त्यात लॉजचे स्वतःचे घर कारखान्यामागच्या गल्लीत, कारण तिथे जागा स्वस्त. ते घर इतके कलले होते की पावसाचे पाणी एकाच बाजूच्या पन्हळीतून वाहत असे. गावातली माणसे येता-जाता म्हणत, "ओळंबा सरळच आहे हो, गावच तिरकं आहे."

ही मंडळी खरोखरची गवंडी नव्हेत. त्यांत दातांचे डॉक्टर होते, वकील होते, शाळामास्तर आणि धान्याचे व्यापारी होते. माणूस म्हणजे खाणीतून आलेला ओबडधोबड दगड, आणि त्याने जन्मभर स्वतःला ताशीत राहायचे, असा त्यांचा एकंदर विचार. एकमेकांना ते बंधू म्हणत, कमरेला पांढरा चामड्याचा अ‍ॅप्रन बांधत, डोक्यावर उंच काळी हॅट घालत आणि आत काय चालते ते बाहेर सांगत नसत. म्हणून गावात नाना तर्क चालत. मेटाला विचारले तर ती म्हणे, "आत काय करतात? जेवतात. हिन्रिक घरी येतो तेव्हा त्याच्या मिशीला मोहरीची चटणी लागलेली असते."

लॉज सुरू झाली ती नेपोलियनच्या धामधुमीत. एक मीठ-व्यापारी, एक औषधवाला आणि दोघे-तिघे लष्करी अधिकारी एका खानावळीच्या मागच्या खोलीत जमत. घर नव्हते, सामान नव्हते. इतर लॉजमध्ये चिन्हांचा विणलेला गालिचा जमिनीवर पसरतात. यांनी ती चिन्हे खडूने फरशीवर काढायची आणि बैठक संपली की ओल्या फडक्याने पुसून टाकायची, नाहीतर सकाळी खानावळवालीची बोलणी खायची. गालिचा, घर, हार्मोनियम हे सगळे पुढच्या शंभर वर्षांत हळूहळू आले.

डॉक्टर ओल्डेकोप हे दातांचे डॉक्टर या लॉजचे अध्यक्ष होते. हिन्रिकची दाढ काढताना त्यांना तो आवडला, कारण तो ओरडला नाही. (ओरडला, पण घरी गेल्यावर.) त्यांनीच त्याला १९२१ साली लॉजमध्ये आणले. वकील आणि मास्तरांच्या त्या बैठकीत मिठाच्या कढईवरचा मुकादम कसा रमणार, अशी काहींना शंका होती. तो असा रमला की बैठकीचा एकही मंगळवार त्याने चुकवला नाही.

कारण साधे होते. लॉजमध्ये ज्याला बोलायचे तो उभा राहतो, अध्यक्षांकडे परवानगी मागतो, आणि त्याचे बोलून होईपर्यंत कुणी मध्ये तोंड घालत नाही. तसा नियमच आहे. कारखान्यात, बाजारात, दुकानात सगळीकडे हिन्रिकची वाक्ये दुसरेच कुणी पुरी करत. घरी मेटा करी, आणि नेमकी बरोबर करी, हा आणखी त्रास. वाक्य आपले आपण शेवटास न्यायला मिळावे, अशी ती एकच जागा त्याला जगात सापडली होती. तो फार बोले असे नाही. पण बोलायचे ठरवले तर थांबतील, एवढे त्याला पुरे होते.

भांडण झाले ते जेवणाच्या टेबलावर.

वर्षातून एकदा, जूनमध्ये, संत योहानाच्या दिवशी फ्रीमेसन मंडळींचा मोठा सण असतो. टेबलावर गुलाब मांडतात आणि जेवणातसुद्धा लॉजची शिस्त पाळतात. जाड बुडाच्या पेल्याला ते तोफ म्हणतात. वाइन ओतायची म्हणजे तोफ ठासायची. अध्यक्षांनी हुकूम दिला की सगळ्यांनी एकदम प्यायचे आणि पेला एकदम टेबलावर आपटायचा. तीस माणसे असोत की ऐंशी, आवाज एकच झाला पाहिजे. लॉज किती एकदिलाची आहे हे त्या आवाजावरून कळते, असे मानतात.

ओळंबा लॉजचा आवाज होई तो असा: धडाम्. आणि मग, टक्.

तो टक् हिन्रिकचा. नऊ वर्षे तो टक् होत होता आणि कुणी काही बोलले नव्हते. १९३० च्या जूनमध्ये हॅम्बुर्गच्या एका लॉजचे पाहुणे आले होते. त्यांच्या मानार्थ तोफा उडाल्या. धडाम्. पाहुण्यांनी माना डोलावल्या. टक्.

हार्मोनियमपाशी आल्विन स्टेगमान बसला होता. आल्विन ऑर्गन आणि पियानो सुरात लावण्याचे काम करी. हिन्रिकच्या घरासमोरच राही. हिन्रिक जितका सावकाश, तितका हा चपळ. त्याचे हात, पाय, जीभ सगळे एकाच वेळी चाले. तो म्हणाला, "बंधूंनो, एक्स्प्रेस गेली. आता मिठाची मालगाडी येतेय."

हसू असे फुटले की एका पाहुण्याचा चष्मा सूपमध्ये पडला. सगळे हसतात म्हणून हिन्रिकही हसला.

आल्विनला रात्रभर चैन पडली नाही. सकाळी तो सपाता घालूनच गल्ली ओलांडून आला. हिन्रिक न्याहारी करत होता.

"हिन्रिक, काल माझी जीभ घसरली. पाहुण्यांसमोर असं बोलायला नको होतं. माफ कर."

"अरे, त्यात काय? काही झालं नाही," हिन्रिक म्हणाला, आणि पावावर चरबी लावत राहिला.

ते खरेही होते. अजून काही झालेच नव्हते. आल्विन शीळ घालत घरी गेला.

राग आला तो दुपारी, कढईपाशी. वाफ वर चढत होती, हातात दाताळे होते, आणि हिन्रिक मधेच थांबला. मालगाडी. नऊ वर्षे सगळे ऐकत होते तर. हॅम्बुर्गचे लोक घरी जाऊन बायकांना सांगणार. त्या दिवशी त्या कढईतले मीठ भुकटीसारखे निघाले, आणि हे कारखान्यात पुढे कितीतरी दिवस बोलले जात होते.

संध्याकाळी तो आल्विनच्या दारात उभा राहिला.

"तू मला मालगाडी म्हणालास."

"म्हणालो. आणि त्याची माफी सकाळीच मागितली."

"सकाळी मला राग आला नव्हता."

"मग तो काय माझा दोष?"

"माफी रागानंतर मागायची असते."

"वा. म्हणजे मी आता तुझ्या रागाची वेळ बघून यायचं? एका चुकीला एक माफी, हिन्रिक. ती मी दिली, तू घेतलीस. आता दुसरी मिळणार नाही."

आता फ्रीमेसन मंडळींचा एक जुना नियम आहे. ज्या दोघांचे आपसात बिनसले आहे त्यांनी ते दाराबाहेर मिटवायचे, हात मिळवायचा आणि मगच आत यायचे. मिटले नाही तर दोघांनीही बाहेर राहायचे, चूक कुणाची का असेना. डॉक्टर ओल्डेकोप यांनी पुष्कळ खटपट केली. रागाच्या आधी आलेली माफी माफी धरायची की नाही, यावर लॉजमध्ये दोन मंगळवार चर्चा झाली. वकील ब्रामर म्हणाले, दिली आणि घेतली की व्यवहार पुरा. एक मास्तर म्हणाले, जे अजून लागलेच नाही ते माफ कसे करणार? ओबडधोबड दगड बाजूला राहिले आणि दोन तट पडायची वेळ आली, तेव्हा डॉक्टरांनी हातोडी आपटून विषय बंद केला.

मग मंगळवारी संध्याकाळी हे दोघे आपापल्या घरी बसू लागले. आल्विनच्या खिडकीत दिवा, हिन्रिकच्या खिडकीत दिवा, आणि मध्ये चार ढांगांची गल्ली. लॉजमध्ये हार्मोनियम वाजेनासे झाले. गाण्याचा सूर डॉक्टरांनाच धरावा लागे, आणि तो दातांच्या डॉक्टरांचा सूर होता.

हिन्रिकला हे असे होईल असे वाटले नव्हते. आपण रुसून घरी बसावे एवढेच त्याच्या मनात होते. आल्विनलाही बसावे लागेल, हे त्याच्या ध्यानात आले तेव्हा महिना उलटून गेला होता, आणि तोवर माघार घेण्याची वेळ निघून गेली होती.

पाच वर्षांनी नव्या राजवटीने देशातल्या सगळ्या लॉजना टाळे लावले. गालिचा, अ‍ॅप्रन, हार्मोनियम, तोफा, सगळे एका गाडीत भरून नेले. बंधूंची पांगापांग झाली. काही वारले. काहींनी पक्षाचा बिल्ला लावला आणि जुने बंधू दिसले की रस्ता ओलांडू लागले. दोघे-तिघे पुढे युद्धात गेले ते परत आले नाहीत. बंधू म्हणून हाक मारायची कुणाची छाती नव्हती. त्या सगळ्या वर्षांत ओळंबा लॉजचा एकच नियम गावात पाळला जात होता, आणि तो पाळणारे दोघेच होते. हात मिळवलेला नाही, म्हणून बोलायचे नाही.

विमानांचा भोंगा झाला की सारी गल्ली खानावळीच्या तळघरात बसे. तिथे मेटा या दोघांच्या मध्ये बसायची.

"मेटा, शेजाऱ्यांना सांग, त्यांचा पाय माझ्या ब्लँकेटवर आहे," हिन्रिक म्हणे.

"मेटा, शेजाऱ्यांना सांग, ब्लँकेट सरकत सरकत माझ्या पायाखाली आलंय. जमीन उतरती आहे."

मेटा म्हणे, "मी काय टेलिफोन ऑफिस आहे?" आणि ब्लँकेट स्वतःच्याच अंगावर ओढून घेई.

तुम्ही दोघे का बोलत नाही, असे एकदा गल्लीच्या पहारेकऱ्याने विचारले. लॉजचे नाव काढणे बरे नव्हते. "कोंबड्यांवरून," आल्विन चटकन म्हणाला. दोघांच्याही घरी कोंबडी नव्हती. हिन्रिकने बऱ्याच वेळाने मान डोलावली.

युद्ध संपले आणि नदीच्या अलीकडे जिंकलेल्या इंग्रजांचा अंमल आला, पलीकडे रशियनांचा. गाव बरेचसे वाचले होते, जेवढे तिरके होते तेवढेच तिरके उभे होते. १९४७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला हिन्रिकची आणखी एक दाढ दुखायला लागली आणि तो डॉक्टर ओल्डेकोप यांच्या खुर्चीत जाऊन बसला.

"तोंड उघड. आणखी. हं. आता ऐक," डॉक्टर म्हणाले. "इंग्रज साहेबांची परवानगी आलीये. लॉज पुन्हा सुरू करता येईल. दुखतंय?"

"आँ."

"दुखणारच. पण सुरू करायला निदान सात जुने बंधू लागतात, तुला माहीत आहे. बिल्लेवाल्यांना धरायचं नाही असं ठरलंय. मग उरलो मी, ब्रामर वकील, दोन मास्तर आणि धान्यवाला. पाच. आल्विन सहावा आणि तू सातवा. तुम्ही हात मिळवलात तर सात. नाही मिळवलात तर नियमाने दोघंही बाहेर, म्हणजे पुन्हा पाच. पाच जणांत लॉज होत नाही, हिन्रिक. पत्ते होतात."

"आँ, आँ."

"हे हो समजू?"

हिन्रिकने डोळे मिटून घेतले.

"संत योहानाच्या दिवशी सुरू करायची आहे. त्या दिवशी जमलं नाही तर परवानगी गेली. मग आपण उरलेसुरले सगळे हॅम्बुर्गच्या लॉजचे सभासद. रात्रीची परतीची गाडी नाही, म्हणजे सभासद नावापुरते. ओळंबा संपली. चूळ भर."

हिन्रिकने चूळ भरली. "मला विचार करू द्या," तो म्हणाला.

"कर. पण या वेळी जून संपायच्या आत कर."

विचार करायला जागा कुठे होती? रेशनच्या रांगेत तो खिडकीशी पोहोचे, त्याचे तोंड उघडे, आणि मागची बाई म्हणे, "त्यांना मार्गारिन हवंय हो, पुढे चला." कारखान्यात नवे मुकादम आले होते, ते तर त्याच्याकडे बघतच नसत. लॉज सुरू झाली तर मंगळवारी संध्याकाळी पुन्हा उभे राहता येईल, परवानगी मागता येईल. झाली नाही तर उरलेले आयुष्य मागच्या बाईने पुरे करायचे. हे त्याला स्पष्ट दिसत होते. आणि तरीही आल्विनचे दार दिसले की मालगाडी आठवे.

मेटा दोन दिवस गप्प राहिली, हेच पुष्कळ झाले.

"पास हवाय का तुला?" तिसऱ्या दिवशी ती म्हणाली. "नदीपलीकडे रशियनांच्या हद्दीत जायचं नाहीये, समोरच्या दारात जायचंय."

"त्याने माफी…"

"मागितली होती."

"पण ती…"

"आधी मागितली होती. सतरा वर्षं ऐकतेय."

हिन्रिक सलगम सोलत बसला. त्या वर्षी गावात सगळेजण सलगमच सोलत होते. अर्धे टोपले झाल्यावर तो म्हणाला, "मेटा, त्या दिवशी सकाळी मी त्याला 'काही झालं नाही' म्हणालो."

"म्हणालास. मी चुलीपाशीच होते."

"तसं म्हणायला नको होतं."

"मग काय म्हणायचं होतं?"

त्याने आणखी एक सलगम सोलला. मेटाला उत्तर ठाऊक होते की नाही कोण जाणे, पण ती बोलली नाही.

"म्हणायचं होतं, थोडा वेळ दे," हिन्रिक म्हणाला.

मग तो उठला, कागदात मूठभर टपोरे मीठ बांधले आणि गल्ली ओलांडली.

आल्विन स्वयंपाकघरात टेबलावर एक जुना भाता पसरून जुन्या कोटाच्या कातड्याने त्याला ठिगळ लावत होता. तो वाळला होता, केस गेले होते, पण हात तसेच भराभर चालत होते. हिन्रिक दारात दिसला तेव्हा ते थांबले.

"मीठ," हिन्रिक म्हणाला.

"मिठाच्या कारखान्यामागे राहतो मी. मला मीठ?"

"हे टपोरं आहे."

आल्विनने कागद उघडून पाहिला. "टपोरं आहे," त्याने कबूल केले. "बस."

हिन्रिक बसला. आल्विनने ठिगळाला दोन टाके घातले, तिसरा घातला, आणि मग सुई खाली ठेवली. "तू काही बोलणार आहेस की मी भाता पुरा करू?"

"तू माझी माफी मागितली होतीस. त्याचं उत्तर द्यायला आलोय."

"उत्तर तू तेव्हाच दिलंस. काही झालं नाही म्हणालास."

"ते घाईत दिलं होतं."

आल्विन त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. हिन्रिक थट्टा करत नव्हता. थट्टा करायला त्याला आदल्या दिवसापासून तयारी लागली असती.

"आता विचार करून सांगतो," हिन्रिक पुढे म्हणाला. "झालं होतं. मला लागलं होतं. पण तू आला होतास, सपाता घालून, ओल्या गल्लीतून. तेही खरं. मी दुसरंच धरून बसलो." तो थांबला. आल्विनने मध्ये तोंड घातले नाही, याचे त्याला बरे वाटले. "माझ्याकडून मिटलं."

आल्विनने तोंड उघडले, आणि मिटले. त्याच्या बाबतीत हे नवीन होते.

"मला जरा विचार करू दे," तो म्हणाला.

"कशाचा?"

"माहीत नाही. तू इतका वेळ घेतलास. मी लगेच हो म्हणालो तर ते बरं दिसत नाही."

हिन्रिक घरी आला तेव्हा मेटा दारातच होती. "काय झालं?"

"विचार चाललाय."

"तुझा?"

"त्याचा."

मेटा खुर्चीवर बसली आणि अ‍ॅप्रनने तोंड झाकून हसली. हिन्रिकला त्यात हसण्यासारखे काही दिसेना. आपण दुसऱ्याची वाट पाहत बसायचे, हा प्रकार त्याला माहीत नव्हता. समोरचे दार उघडते का म्हणून तो खिडकीशी जाई, परत येई, पुन्हा जाई. दुसऱ्या दिवशी त्याने मेटाला विचारले, "माझ्याबरोबर राहायचं म्हणजे असं असतं?"

"साधारण असंच," मेटा म्हणाली. "पण सवय होते."

संत योहानाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत समोरून काही आले नाही. हिन्रिकने जुना काळा कोट घातला आणि खानावळीकडे निघाला. लॉजच्या घरात आता पूर्वेकडून आलेली निर्वासित कुटुंबे राहत होती, दोऱ्यांवर लंगोट वाळत होते, त्यांना कोण उठवणार? म्हणून खानावळवाल्याने मागच्या बाजूची लांबट खोली दिली होती. तिथे लोक लाकडी चेंडू घरंगळवून सोंगट्या पाडण्याचा खेळ खेळत. गालिचा नव्हता. एक मास्तर गुडघ्यांवर बसून त्या खेळाच्या फळ्यांवर खडूने चिन्हे काढत होते, आणि खोली कलती असल्यामुळे ओळंब्याची रेघ कशाला धरून सरळ काढायची यावर वकील ब्रामर त्यांच्याशी हुज्जत घालत होते. अध्यक्षांच्या हातात हातोडी म्हणून मांस ठेचायची लाकडी मोगरी होती. उंच हॅट सगळ्यांत मिळून दोन उरल्या होत्या.

"आल्विन?" डॉक्टरांनी विचारले.

"विचार करतोय," हिन्रिक म्हणाला.

"आल्विन?" डॉक्टरांना वाटले आपण चुकीचे ऐकले.

सगळे दाराबाहेर अंगणात उभे राहिले. धान्यवाला म्हणाला, "पाच जणांत पत्ते होतात, सहांत काय होतं?" डॉक्टरांनी घड्याळ काढले, पाहिले आणि परत ठेवले. हिन्रिकने सांगावेसे काहीतरी मनात जुळवायला घेतले होते, म्हणजे मी माझ्याकडून केले, आता त्याच्यावर आहे, असे काहीतरी. पण ते जुळण्याआधीच गल्लीतून चाकांचा खडखडाट ऐकू आला.

आल्विन हातगाडी ढकलत येत होता. गाडीवर भात्याचे एक छोटे बाजे होते, त्याला कोटाच्या कातड्याचे ठिगळ. तो घामाघूम झाला होता. गाडी टेकवून तो सरळ हिन्रिकसमोर आला.

"मी विचार केला," तो म्हणाला. "एका चुकीला एक माफी, हे माझं म्हणणं बरोबर आहे. ते मी सोडत नाही."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"थांबा, डॉक्टर. मी त्या दिवशी माफी मागितली ती न रागावलेल्या हिन्रिकची. रागावलेल्या हिन्रिकची मागितलीच नाही. तो संध्याकाळी दारात आला तेव्हा मी त्याला हुसकून लावलं. ती चूक वेगळी. तिची माफी अजून बाकी आहे." त्याने हात पुढे केला. "तर ही तिची."

वकील ब्रामर हळूच म्हणाले, "हे कोर्टातसुद्धा टिकेल." पण कुणाचे तिकडे लक्ष नव्हते. सगळे हिन्रिककडे बघत होते. हा माणूस आता 'वेळ दे' म्हणाला तर काय करायचे, हा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता. खुद्द आल्विनच्याही होता. त्याचा पुढे केलेला हात किंचित खाली आला.

हिन्रिकने तो वरच्यावर धरला. इतक्या पटकन की त्याचे त्यालाच नवल वाटले.

"चला," डॉक्टर ओल्डेकोप म्हणाले. "सात आहोत. आत चला."

आत काय झाले ते बाहेर सांगायची रीत नाही. एवढे खरे की बाजे वाजले, ठिगळातून मधून मधून हवा फुसफुसली, आणि डॉक्टरांना सूर धरावा लागला नाही. बैठक संपल्यावर मास्तरांनी ओल्या फडक्याने फळ्या पुसल्या, कारण दुसऱ्या दिवशी तिथे खेळ होता.

मग टेबल लावले. बटाट्याचे सूप, दोघांत एक हेरिंग मासा, मेटाने घरी केलेली बोरासारख्या आंबट फळांची वाइन, आणि एका बरणीत अंगणातले सात गुलाब. जाड बुडाच्या तोफा कधीच गेल्या होत्या. त्यांच्याऐवजी मोहरीच्या चटणीच्या रिकाम्या छोट्या बरण्या होत्या. खानावळवाल्याने हात जोडून सांगितले होते, जोरात आपटू नका, एवढ्याच उरल्यात. त्यामुळे तोफा उडाल्या त्या अगदी हलक्या हाताने. आवाज एकच आला की दोन, यावर त्या सातांचे पुढे कधी एकमत झाले नाही. आल्विन म्हणे एकच. हिन्रिक म्हणे दोन.

सूप वाढले आणि हिन्रिक उभा राहिला. त्याने अध्यक्षांकडे बोलायची परवानगी मागितली.

"बोल, बंधू हिन्रिक," डॉक्टर म्हणाले.

हिन्रिकने टेबलाचा काठ धरला. टेबल नेहमीसारखे उतरते होते, सूपही एका बाजूला कलले होते. त्याने एकेकाकडे पाहिले, घसा साफ केला, आणि सुरुवात कुठून करावी ते शोधू लागला. खानावळवाला हेरिंगची थाळी घेऊन दारात आला; डॉक्टरांनी त्याला बोटाने थांबायची खूण केली. सूपवरची वाफ कमी झाली, मग दिसेनाशी झाली. भूक सगळ्यांनाच होती, त्या वर्षी ती कायमच असे. पण एकानेही चमचा उचलला नाही.